मंगळवारी सकाळी मी काय करत असेन?

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

सप्रेम सलाम. मी 33 वर्षांची असून परळच्या एका रुग्णालयात रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. माझे पती शिक्षक आहेत आणि त्यांनी ईश्वरविज्ञानाचे शिक्षणही घेतले आहे. आमच्या मंडळीने आम्हांला टांझानियात, म्वांझा शहरापासून दोन-अडीच तासांवरच्या एका गावी, तीन वर्षांसाठी मिशनरी म्हणून पाठवायचे ठरवले आहे. तिथल्या मंडळीच्या सुवार्तिक प्रशिक्षण शाळेत हे शिकवतील. आम्हांला सहा वर्षांची मुलगी आहे आणि घरी सासूबाई आहेत, त्यांना मधुमेह आहे. जूनमध्ये निघायचे म्हणतात. उपासना सुटल्यावर सगळे हात हातात घेऊन “केवढा मोठा त्याग” म्हणतात, पण तिथे मंगळवारी सकाळी मी नेमके काय करत असेन, असे विचारले तर कोणालाच सांगता येत नाही. नेमणुकीच्या पत्रात नाव फक्त यांचे आहे, पुढे “सपत्नीक” एवढेच. भीती वाटते असे म्हटले की विश्वास कमी पडतो असे ऐकावे लागते. मला जायचेच नाही असे नाही. पण काय समजून जावे?

उत्तर:

सप्रेम सलाम.

मंगळवार सकाळचा तुमचा प्रश्न मंडळीच्या पंच कमिटीपुढे याच शब्दांत ठेवा, असे मी आधीच सांगून टाकते. परदेशी गेलेल्या मिशनरी दांपत्याचे जमते की बिनसते हे अशा साध्या वारांवरच ठरते, आणि त्या वारांची चौकशी करणाऱ्या बाईचा विश्वास तोलायला बसणे मला अजिबात पटत नाही. माझेही काही आयुष्य पतीबरोबर पूर्व आफ्रिकेत सेवेत गेले असून तिकडे जाणाऱ्या-येणाऱ्या जोडप्यांशी पुढेही संबंध राहिला आहे. त्या आधारावर हे लिहीत आहे.

तर मंगळवार. म्वांझाचा परिसर विषुववृत्ताच्या थोडासाच दक्षिणेला असल्यामुळे तिथे बाराही महिने सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी साधारण त्याच सुमारास मावळतो. दिवस लहान-मोठा होण्याचा प्रकार जवळजवळ नाही. व्हिक्टोरिया सरोवरच समुद्रसपाटीपासून 1,134 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे मुंबईसारखे घामाने निथळणे तिथे नसते आणि रात्री पांघरूण लागते. स्वाहिली बोलणारे लोक दिवसाचे तास उजाडल्यापासून मोजतात, म्हणजे आपले सकाळचे सात हा त्यांचा एक. महिला मंडळाची बैठक तीनला आहे असे कोणी सांगितले तर नऊ वाजता हजर राहायचे असते, आणि नवखी माणसे हमखास दुपारी तीनला जाऊन बंद दारापुढे उभी राहतात.

उठल्यावर पहिले काम पाण्याचे. गावात नळ असला तरी त्याला पाणी कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून पत्र्याच्या छपरावरून टाकीत उतरवलेले पावसाचे पाणी, सार्वजनिक नळ किंवा विहीर, आणि वीस लिटरचे पिवळे कॅन यांवर घर चालते. पहाटे उठून पाणी भरण्याची सवय मुंबईतल्या बाईला नवी नाही, पण तिथे भरलेले पाणी उकळून किंवा गाळून मगच प्यायचे असते, म्हणजे आधी शेगडी पेटली पाहिजे. गॅसचा सिलिंडर म्वांझाहून आणता येतो. तो मध्येच संपला तर कोळसा आहेच. विजेचे मीटर आगाऊ पैसे भरून चालते. मोबाइलवरून पैसे पाठवले की वीस आकडी क्रमांक येतो, तो मीटरवर दाबला की युनिटे जमा होतात, आणि भात अर्धा शिजलेला असताना ती संपली तर त्याच अंधारात मोबाइल शोधावा लागतो. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सोय मात्र तिथे 2008 पासून आहे. भाजीवालीला फोनवरून पैसे देण्यात ती माणसे आपल्या आधी तयार झाली.

बाजारात तुमचे मन रमेल असे मला वाटते. टोमॅटो, कांदे आणि सुके मासे तिथेही वाट्यावर विकतात. सरोवरात मिळणारे “दागा” नावाचे बोटभर लांबीचे चंदेरी मासे उन्हात पसरून वाळवतात, आणि ज्या घरात सुकट-बोंबील शिजतात त्या घराला ते कसे करायचे हे कोणी शिकवावे लागत नाही. मक्याच्या पांढऱ्या पिठाचा घट्ट उगाली, माठासारखी पालेभाजी, घेवडा, भात, केळी आणि तळ्यातला मासा असे रोजचे जेवण असते. एक गोष्ट मात्र मुंबईची सवय मोडून शिकावी लागते: दुकानापुढे उभे राहून थेट भाव विचारणे तिथे उद्धटपणाचे समजतात. आधी नमस्कार, मग घरच्यांची, कामाची, रात्री झोप कशी लागली याची विचारपूस, आणि त्यानंतर भाव. वयाने मोठ्या माणसाला “शिकामो” म्हणायचे, तो “मराहाबा” म्हणतो, आणि एवढे झाल्याशिवाय पुढे बोलणे सुरू होत नाही. आठ-अकराची लोकल धरण्यात वर्षे गेलेल्या माणसाला सुरुवातीला याचा फार कंटाळा येतो.

घरी परतेपर्यंत दुपार होत आलेली असते. तेवढ्यात दाराशी “होडी” अशी हाक येते, आतून “करीबु” म्हणायचे, पाहुण्याला बसवायचे, चहा ठेवायचा. पाहुणा कळवून येत नाही आणि लवकर उठतही नाही. बोलण्याच्या शेवटी बहुधा मुलाच्या शाळेच्या गणवेशाचा, औषधाचा किंवा कोणाच्या तरी दफनाच्या खर्चाचा विषय निघतो. अंधार पडायच्या आत रात्रीचे रांधून घेतलेले बरे, आणि त्यानंतर मुलीला मच्छरदाणीत घालायचे. असा हा मंगळवार, आणि बुधवारही फारसा वेगळा नसतो.

आता या दिवसात तुमच्या पतींचा दिवस कुठे आहे ते पाहा. त्यांना वेळापत्रक असेल, वर्ग असेल, त्यांना “म्वालिमु” म्हणजे गुरुजी म्हणून हाक मारणारे विद्यार्थी असतील, आणि तीन महिन्यांनी मंडळीला पाठवायच्या अहवालात लिहायला काहीतरी असेल. तुमच्या वाट्याला पाणी, शेगडी, बाजार, पाहुणे आणि मूल येईल, आणि अहवालात त्यासाठी रकानाच नसेल. मी पाहिलेल्या जोडप्यांत कुरबुर सुरू झाली ती बहुतेक इथूनच. गैरसोय माणूस सोसतो. पण एकाची गैरसोय सेवा म्हणून मोजली जाते आणि दुसऱ्याची घरकाम म्हणून सोडून दिली जाते, हे सोसत नाही. म्हणून पाणी कोण भरणार, आठवड्यातले कोणते दोन दिवस बाजार ते करणार, पाहुण्यांपाशी कोण बसणार, हे निघण्याआधी दोघांनी बसून ठरवा. कॅन घेऊन जाणारा पुरुष पाहून गावातली माणसे हसतील, कारण पाणी आणणे तिथे बायकांचे आणि मुलांचे काम समजतात. हसू द्यावे. तुमच्या पतींना हे जड वाटत असेल तर ते परळमध्ये असतानाच कळलेले चांगले.

याच कारणासाठी “सपत्नीक” हा शब्द मी तसाच राहू दिला नसता. पवित्र शास्त्रात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या दांपत्याचा उल्लेख जिथे जिथे येतो तिथे दोघांची नावे बरोबर येतात, काही ठिकाणी तर तिचे आधी, आणि दोघेही तंबू करण्याचा धंदा करून पोट भरत होते. तुमच्या पंचांना हा दाखला नवा नसणार. नेमणुकीचे पत्र लिहिताना तो त्यांना आठवला नाही एवढेच.

इतिहासातला दुसरा एक दाखला कटू आहे, पण तो तुमच्या पतींनीही वाचावा म्हणून देते. विल्यम केरी, ज्यांनी 1805 मध्ये मराठी भाषेचे व्याकरण छापले, ते 1793 मध्ये इंग्लंडहून बंगालमध्ये आले, तेव्हा त्यांची पत्नी डोरोथी आधी यायला तयार नव्हती. काही आठवड्यांचे मूल पदरात असताना ती शेवटच्या क्षणी, बहीण सोबत येणार असेल तर, या अटीवर निघाली. पुढल्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर आजाराने गेला, तिचे मन त्यातून सावरले नाही, आणि 1807 मध्ये मरेपर्यंत ती मानसिक आजारातच राहिली. केरींच्या कामाचे मोल त्यामुळे कमी होत नाही, परंतु मिशनच्या इतिहासावर बोलताना व्यासपीठावरून डोरोथीचे नाव क्वचितच घेतले जाते, आणि “भीती वाटते” असे म्हणणाऱ्या बाईला गप्प करणाऱ्यांनी ते एकदा तरी घ्यावे.

याउलट उदाहरण तुमच्या घरापासून फार दूर नाही. मार्गारेट विल्सन 1829 मध्ये पती जॉन विल्सन यांच्याबरोबर मुंबईत आल्या, दोघांनीही मराठी शिकून घेतली, आणि त्यांनी मुलींसाठी शाळा काढल्या. गावदेवीची सेंट कोलंबा शाळा 1832 मध्ये त्यांनी सुरू केली. 1835 मध्ये त्या इथेच वारल्या, तेव्हा त्यांना मुंबईत येऊन जेमतेम सहा वर्षे झाली होती. त्यांच्या नावावर स्वतःचे काम होते. गिरगावातल्या बायकांना तेव्हा ही परदेशी जोडी कशी दिसली असेल, त्यांनी काय खाल्ले, पाणी कोणी भरले, असे प्रश्न मला नेहमी पडतात, आणि आता ते म्वांझा भागातल्या सुकुमा लोकांच्या गावातल्या बायकांना तुमच्याविषयी पडणार आहेत.

तुमच्या हातात काम आहे, आणि तेही असे की ज्याची तिथे गरज आहे. हिवताप तिथे नेहमीचा आहे, ताप आला की रक्त तपासणे हे दवाखान्यातले रोजचे काम आहे, आणि सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा नमुना वाचू शकणारी प्रशिक्षित व्यक्ती खेड्यात सहज मिळत नाही. परंतु त्यासाठी कागदपत्रे आधीपासून हवीत. टांझानियात 2015 च्या कायद्यानुसार परदेशी माणसाला कामाचा परवाना आणि राहण्याचा परवाना असे दोन वेगळे कागद लागतात. मिशनरींना राहण्याचा परवाना “क” वर्गातला मिळतो. पतीवर अवलंबून असलेली पत्नी म्हणून तुम्ही गेलात तर स्वतःच्या नावाच्या परवान्याशिवाय दवाखान्यात काम करता येणार नाही, आणि मी पगार घेत नाही असे म्हटल्याने अडचण सुटत नाही. प्रयोगशाळा तंत्रज्ञांची तिथेही नोंदणी परिषद आहे. तेव्हा तिथल्या मंडळीने अर्ज करताना दोघांचे अर्ज वेगवेगळे करावेत, तुमच्या अर्जात तुमचे काम लिहावे, आणि तुमची पदविका, नोंदणी व अनुभवाचे दाखले आतापासून साक्षांकित करून ठेवावेत. पंचांपैकी कोणी “ते तिथे गेल्यावर बघू” असे म्हणाले, तर नम्रपणे, पण ठामपणे, नाही म्हणावे.

भाषेच्या बाबतीतही असेच होते. नवऱ्याला स्वाहिली शिकायला पाठवायचे आणि बायको बाजारात ऐकून शिकेल असे गृहीत धरायचे, हा काटकसरीचा जुना मार्ग आहे. प्रत्यक्षात बाजारात, दवाखान्यात, मुलीच्या शाळेत आणि शेजारणीशी बोलायचे असते ते तुम्हांला. प्रशिक्षण शाळेत दुभाषी तरी मिळतो. मोरोगोरो आणि मुसोमा इथे मिशनरींना स्वाहिली शिकवणाऱ्या शाळा पूर्वीपासून आहेत, आणि पहिले काही महिने दोघांनाही तिथे ठेवण्याचा खर्च मंडळीने अंदाजपत्रकात धरावा. स्वाहिलीत लिहिलेले जवळजवळ तसेच वाचतात, आणि गाडीला “गारी” व लाखाला “लाकी” म्हणणारी भाषा आपल्याला अगदी परकी वाटत नाही. अवघड जातात ती नामांचे वर्ग आणि त्यांप्रमाणे बदलणारी वाक्ये. त्यांना वर्ष जाते. गावातली म्हातारी माणसे आपसांत सुकुमा बोलतात, ती समजली नाही म्हणून खट्टू होऊ नका.

घरकामाला मदतनीस ठेवावी की नाही, हा प्रश्न प्रत्येक जोडप्याला छळतो. सेवेला गेलेल्यांनी बाई ठेवणे शोभत नाही, असे इथल्या काही वडीलधाऱ्यांना वाटते, आणि त्यांच्याच घरी सकाळी दोन बायका येऊन भांडी-लादी करून जातात. मदतनीस जरूर ठेवा. तिला रीतसर पगार, सुट्टी आणि औषधपाणी द्या, स्वयंपाकात तिच्याकडून उगाली शिकून घ्या, आणि स्वाहिलीतल्या तुमच्या चुका न हसता दुरुस्त करायला सांगा. तुमची पहिली मैत्रीणही बहुधा तीच होईल.

यापुढची गोष्ट अहवालांतून कोणी लिहीत नाही. गोरा मिशनरी त्या गावात गेला तर तो मिशनरी आहे हे लोकांना न सांगता कळते. भारतीय माणूस गेला तर तो दुकानदार असणार असे धरले जाते. पूर्व आफ्रिकेत भारतीय वंशाचे व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, गावोगावच्या वाण्याच्या दुकानापासून कापसाच्या गिरण्यांपर्यंत त्यांचा व्यापार होता, आणि त्यांच्याविषयी तिथे आदर, गरज आणि राग या तिन्ही भावना एकत्र नांदतात. 1971 मध्ये मालकांनी भाड्याने दिलेल्या इमारती टांझानियाच्या सरकारने ताब्यात घेतल्या तेव्हा त्यांतल्या पुष्कळ भारतीय वंशाच्या लोकांच्या होत्या. त्यामुळे मुले रस्त्यात “म्हिंदी” अशी हाक मारतील, बाजारात भाव चढा सांगितला जाईल, आणि तुम्ही चर्चमध्ये खालच्या बाकावर बसलात तर लोक चकित होतील. याचे वाईट वाटून घेऊ नये आणि खुलासेही करत बसू नये. दफनाला जाऊन बायकांबरोबर जमिनीवर चटईवर बसलात, लग्नात त्यांच्यासारखे किटेंगे, म्हणजे रंगीत छापील कापड, नेसून गेलात आणि कोणाच्या घरी दिलेले पुढ्यातले खाल्लेत की हळूहळू फरक पडतो. तिथली उपासना लांबते, गायन मंडळ्या एकामागून एक उभ्या राहतात, आणि रोख दान न देऊ शकणारे लोक कोंबडी, अंडी, ऊस आणतात, त्यांचा चर्चबाहेर लिलाव होतो. आपल्याकडे हंगामाच्या सणाला होतो तसाच, पण तिथे तो कोणत्याही रविवारी होऊ शकतो; मुलीला एखादे वेळी कोंबडीवर बोली लावू द्या, सगळे गाव तिला ओळखू लागेल.

पैसे मागणाऱ्यांविषयी मात्र मी जरा कोरडेपणाने सांगते. मागणाऱ्याची गरज बहुतेक वेळा खरी असते, आणि तरीही दारात उभ्या उभ्या दिलेल्या पैशांनी शेजाऱ्याचा सावकार व्हायला वेळ लागत नाही. दर महिन्याला मदतीसाठी ठराविक रक्कम बाजूला काढा, ती तिथल्या पाळकांच्या व महिला मंडळाच्या सल्ल्याने द्या, आणि दोघांचे उत्तर एकच ठेवा. नवरा नाही म्हणाला की बायकोकडे यायचे, हे सगळ्या जगात चालते. दफनाची वर्गणी याला अपवाद समजावी. ती टाळली तर माणूस गावापासून तुटतो.

आरोग्याचे थोडक्यात. मच्छरदाणी रोज, आणि कोणालाही ताप आला तर त्याच दिवशी तपासणी. हे तुम्हांला सांगणे म्हणजे कोळ्याला जाळे दाखवणे आहे. सरोवराच्या कडेचे उथळ पाणी फार मोहात पाडते, पण त्यात गोगलगायींमुळे पसरणारा बिल्हार्झिया हा परजीवी आजार असतो, म्हणून मुलीला त्यात खेळू देऊ नका. पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच, प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी. 2016 पासून त्या लशीचे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते, आणि विमान वाटेत कोणत्या देशात थांबते यावर ते मागितले जाणे अवलंबून असते. लालबागहून मसाला कुटून नेणार असाल तर तो प्लास्टिकच्या कॅरी बॅगांत बांधू नका, कारण टांझानियात 1 जून 2019 पासून त्या पिशव्यांवर बंदी आहे आणि विमानतळावर त्या काढून घेतात.

आता तुम्हां दोघांविषयी. मुंबईत तुमच्या मनातले शंभर जणांत वाटले जाते: गाडीतल्या मैत्रिणी, रुग्णालयातल्या सहकारी, शेजारची काकू, माहेर. तिथे मराठीत बोलायला एकच माणूस असेल, आणि त्याच माणसाविषयीची तक्रारही त्यालाच सांगावी लागेल. यासाठी दोन गोष्टी उपयोगी पडतात. एक म्हणजे आठवड्यातला एक दिवस दोघांचा. तो रविवार नसतो, कारण रविवारी मिशनरी कामावर असतो, म्हणून सोमवार धरावा, आणि त्या दिवशी दाराशी कोणी आले तर उद्या या असे सांगायला शिकावे. दुसरी म्हणजे मुंबईतली एखादी बाई, जी पंचांच्या नात्यातली नाही आणि जिच्याशी बोललेले मंडळीत फिरणार नाही. तिला ठरलेल्या दिवशी फोन करावा. भारताची वेळ तिथल्यापेक्षा अडीच तास पुढे असते, तेव्हा तिथे संध्याकाळी साडेसहाला फोन केला तर इथे नऊ वाजलेले असतात. मंडळीला पाठवायच्या अहवालात पाण्याचे, भाषेत अडखळल्याचे आणि काहीच न घडलेल्या महिन्याचेही लिहा. गरीब मुलांना जवळ घेऊन काढलेले फोटो इथे फार आवडतात, हे खरे आहे. आपल्या मुलीचा असा फोटो परक्या माणसाने काढून दूरदेशी पाठवलेला चालेल का, एवढे स्वतःला विचारून मग पाठवावेत.

सासूबाईंचा प्रश्न तुम्ही पत्रात एका ओळीत उरकला आहे, पण निघण्याच्या दिवशी तोच सगळ्यांत जड होणार आहे. त्या कोणाकडे राहणार, साखरेची तपासणी आणि औषधे कोण पाहणार, त्यांचा खर्च कोणाच्या खात्यातून जाणार, हे घरच्या सगळ्यांना एकत्र बसवून, त्यांच्या समक्ष ठरवा. त्यांना काय हवे आहे तेही विचारा. बरेचदा म्हाताऱ्या माणसाला मुलाच्या घरापेक्षा आपली खोली आणि आपली मंडळी सोडवत नाही. तुमची दोघांची साधी बचत खाती बँकेला कळवून अनिवासी खात्यात बदलावी लागतील, म्हणून त्यांच्या खर्चाची व्यवस्था त्याआधीच लावावी. तातडीने परत यायची वेळ आली तर तिकिटाचे पैसे मंडळीने बाजूला ठेवलेले असावेत. आणि एक बोलणे आत्ताच करून घ्यावे, ते अभद्र समजू नये: त्या गावाहून निघालेला माणूस मुंबईत पोचायला दोन दिवस लागू शकतात, आणि घरात काही घडले तर शिवडीच्या दफनभूमीत नेण्याआधी तुमच्यासाठी थांबायचे की नाही, हे त्या स्वतःच सांगू शकतील. मी ज्या घरांत हे विचारले गेलेले पाहिले आहे, तिथे उत्तर देणारी माणसे विचारणाऱ्यांपेक्षा शांत होती.

मुलीची तुम्हांला वाटते तेवढी काळजी नको, फक्त वेळ बरोबर साधली पाहिजे. तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेत स्वाहिलीतून शिकवतात, वर्गात मुले पुष्कळ असतात, आणि सहा वर्षांचे मूल काही महिन्यांत तुमच्यापेक्षा चांगले बोलू लागते. गावच्या शाळेत तिला घालावे, मराठी आणि गणित घरी घ्यावे, ते पतींनी घ्यावे, कारण शिक्षक ते आहेत. शहरातल्या इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात तिला ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर या वयात तो मानू नका. परतल्यावर इथे तिला तिच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने दिलेला आहे. परंतु तिथले शालेय वर्ष जानेवारीत सुरू होते, आणि जूनमध्ये निघालात तर ती वर्षाच्या मध्यावर, भाषा न येता, अनोळखी वर्गात जाऊन बसेल, तेही तुमचे भाषा शिकणे सुरू असताना.

म्हणून पंच कमिटीच्या पुढच्या बैठकीला पतीबरोबर तुम्हीही जा आणि लेखी विनंती द्या: नेमणुकीच्या पत्रात दोघांची नावे व दोघांची कामे असावीत, परवान्याचे अर्ज वेगळे व्हावेत, भाषेच्या शाळेचा खर्च दोघांचा धरावा, दीड वर्षाने एक सुट्टी मुंबईत मिळावी, आणि निघण्याचा महिना जूनऐवजी डिसेंबर करावा. पतींशी आधी घरी बोलून घ्या, म्हणजे बैठकीत त्यांना हे पहिल्यांदा ऐकावे लागणार नाही. मिळालेल्या सहा महिन्यांत स्वाहिलीचे पहिले धडे दोघांनी मिळून संपवता येतील, आणि रुग्णालयात बिनपगारी दीर्घ रजा मिळते का हे विचारून पाहता येईल. ती मिळत नसेल, तरी तुमच्या नावाचा परवाना हातात पडेपर्यंत राजीनामा देऊ नका.